दुधाचा हिशेब आणि 130 जीएसएम ग्लॉसी

बी.कॉम.चा शेवटचा पेपर दिला आणि तिसऱ्या दिवशी सोलापुरात नव्या पेठेतल्या एका प्रेसच्या काउंटरवर बसले. कोरलड्रॉ (डिझाइनचं सॉफ्टवेअर) येत होतं, मराठी टायपिंग येत होतं, म्हणजे छपाईतलं सगळं येतंय असा माझा समज. कुठल्याही पार्टीनं (आमच्या लाइनीत गिऱ्हाइकाला पार्टीच म्हणतात, माणूस एकटा असला तरी) "कागद कुठला टाकायचा?" विचारलं की माझं उत्तर ठरलेलं: "ग्लॉसी टाका की, भारी दिसतं."

डिसेंबरात एक दूध डेअरीवाले काका कॅलेंडरं छापायला आले. हजार प्रती. मी त्यांना सगळी पानं 130 जीएसएमच्या ग्लॉस आर्ट पेपरवर घ्यायला लावली. छापून आल्यावर सिद्धेश्वर तलावाचं निळं पाणी असं काही चमकत होतं की मी एक कॅलेंडर आमच्या घरीही नेलं. संक्रांतीला गड्ड्याची (सिद्धेश्वर यात्रेची) गर्दी सुरू झाली आणि काका परत आले. चिडले नव्हते, तेच जास्त लागलं. खिशातलं जेलपेन काढून त्यांनी 14 तारखेच्या चौकटीत लिहिलं, "दीड लि." मग त्यावरून अंगठा फिरवला. निळा फराटा 15 ओलांडून 16 पर्यंत गेला.

"पोरी, माझ्या गिऱ्हाइकानं दुधाचा हिशेब लिहायचा कुठं?"

त्या दिवशी दुपारी मशिनवरच्या अण्णांनी मला कात्रणांच्या ढिगातून दोन तुकडे काढून दिले, एक मॅपलिथोचा (छपाईचा साधा, बिनलेपाचा कागद), एक आर्ट पेपरचा, आणि दोन्हीवर पाण्याचा एकेक थेंब टाकायला सांगितला. मॅपलिथोवर थेंब पसरून आत गेला. आर्ट पेपरवर तसाच गोल बसून राहिला. "शाईचं पण तसंच असतंय," म्हणाले आणि परत मशिनकडे गेले. आर्ट पेपरवर चिनी माती किंवा कॅल्शियम कार्बोनेटचा लेप असतो. शाई त्या लेपावरच राहते, म्हणून रंग उठून दिसतो आणि फोटोतले बारीक ठिपके जागच्या जागी राहतात. मॅपलिथो शाई पितो, ठिपके थोडे पसरतात, फोटो जरा मळकट येतो. पण लिहायला आणि शिक्का मारायला तोच बरा. तुम्ही काउंटरवर नव्यानं बसत असाल तर पावतीपुस्तक, फॉर्म, वही, कॅलेंडरच्या तारखा यांना दुसरा कागद सुचवू नका.

एक धोका मात्र लक्षात ठेवा. गडद रंगाच्या पट्ट्यावर पांढरी बारीक अक्षरं हवी असतील, तर मॅपलिथोवर शाई पसरून ती बुजतात. सोलापुरात एकाच पत्रिकेवर मराठीबरोबर कन्नड किंवा तेलुगू मजकूर येतो. त्या लिप्यांतली गोल अक्षरं आतून भरली की वाचणारा आपल्यालाच शिव्या घालतो. अशा ठिकाणी एक तर अक्षर मोठं करा, नाहीतर पट्टा फिका करून अक्षरं गडद घ्या.

जीएसएमबद्दल नव्या मुलांचा हमखास गोंधळ होतो. ते कागदाचं वजन आहे, एक चौरस मीटरला इतके ग्रॅम. जाडी नव्हे. ए-फोर म्हणजे चौरस मीटरचा सोळावा भाग, म्हणून 80 जीएसएमचा एक ए-फोर साधारण 5 ग्रॅमचा आणि 500 कागदांचं रिम अडीच किलोचं. शंका आली की मी सरळ काट्यावर ठेवते. एकाच जीएसएमचा ग्लॉस कागद दाबून गुळगुळीत केलेला असल्यामुळे मॅटपेक्षा (बिनचमकीच्या कागदापेक्षा) पातळ लागतो. पार्टी म्हणते, "तुम्ही हलका कागद घातला." तेव्हा भांडत बसू नका, काटा दाखवा.

आता लॅमिनेशन, म्हणजे छापलेल्या कागदावर चढवलेली प्लास्टिकची पातळ फिल्म. ग्लॉसनं रंग गडद वाटतात, पण ट्यूबलाइटखाली मजकूर वाचताना कागद सारखा तिरका धरावा लागतो. मॅट हाताला छान लागतं, रंग थोडा उतरतो, आणि काळ्या किंवा गडद निळ्या कार्डावर नखाचा ओरखडा लगेच दिसतो. व्हिजिटिंग कार्डाला एकाच बाजूनं फिल्म लावायचे पैसे वाचवू नका. फिल्म हवेतला ओलावा घेत नाही, कागद घेतो. पावसाळ्यात कागद फुगून कार्ड फिल्मच्या बाजूला वळतं आणि आपल्या मे महिन्यात, पारा चाळिसाच्या वर गेला की, कागद आकसून उलट्या बाजूला. टेबलावर ठेवलं की होडीसारखं डोलतं.

लग्नपत्रिकेत मी दुसऱ्यांदा तोंडावर पडले. मॅट लॅमिनेशन, त्यावर सोनेरी फॉइल, नवरीची आई नमुना बघूनच खूश. पहिली पत्रिका सिद्धेश्वराच्या देवळात ठेवायची म्हणून घरी सगळ्यांनी बसून कोपऱ्यांना हळद-कुंकू लावलं. ओलं बोट फिल्मवरून घसरलं, कुंकू मुरलंच नाही, आणि गठ्ठा रचल्यावर एका पत्रिकेचं कुंकू दुसरीच्या पाठीवर. नवरीच्या आई फोनवर एवढंच म्हणाल्या, "लग्नाचं आहे म्हणून बोलत नाही." आता पत्रिकेची पार्टी आली की टेक्श्चरचा किंवा बिनलॅमिनेशनचा कागद मी आधी पुढे करते आणि समोरच बोट ओलं करून कुंकू लावून दाखवते. काउंटरच्या खणात कुंकवाची डबी असते. नवीन येणाऱ्याला वाटतं पूजेची आहे.

शेंगाचटणीच्या लेबलाचं थोडक्यात सांगते. साधा कागद तेल पितो आणि आरपार दिसायला लागतो. तिथे फिल्म लागतेच, पैसे वाचवायला जाऊ नका.

घडी असेल तर आधी डमी, म्हणजे त्याच कागदाचा कोरा नमुना, करा. साधारण 170 जीएसएमच्या वर क्रीजिंग (घडीच्या जागी दाबून पाडलेली खाच) न मारता घडी घातली की गडद रंग फुटून पांढरी रेघ दिसते. शिवाय कागदाला धागा, म्हणजे आतल्या तंतूंची एक दिशा, असतो, त्याच्या दिशेनं घडी सरळ बसते, आडवी घातली की चुरगळते. दिशा कळत नसेल तर तुकड्याची एक बाजू ओली करा. तो गुंडाळायला लागतो, आणि त्या नळीची लांबी असते तीच धाग्याची दिशा.

पहिल्या आठवड्यात पगाराआधी एक काम करा. बाइंडरकडून कटिंगचे तुकडे मागून एका जाड वहीत चिकटवा आणि शेजारी जीएसएम लिहा. प्रत्येक तुकड्यावर बॉलपेन, जेलपेन, तेलाचं बोट आणि एक घडी करून ठेवा. माझी वही आता इतकी फुगलीय की बंद होत नाही. पार्टीला स्क्रीनवरचा रंग दाखवण्यापेक्षा ही वही दाखवा, आणि दारात, उन्हात नेऊन दाखवा.

डेअरीवाले काका पुढच्या डिसेंबरात परत आले. वर फोटोसाठी आर्ट पेपर, खाली तारखांचा गठ्ठा 70 जीएसएम मॅपलिथोचा, असं ठरलं. जुन्यातली दीड-दोनशे कॅलेंडरं तोवर त्यांच्याकडे पडूनच होती. त्यानंतरच्या जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर त्यांच्या गल्लीतल्या पोरांनी पुस्तकांना त्याचीच कव्हरं घातली. तलावाचा फोटो बाहेर आणि तारखा आत. कव्हराला तो कागद एक नंबर निघाला, असं काकाच सांगत होते.