आधी ताळा, मग रिपोर्ट

"एक्सेल पक्कं करायचंय, कोणकोणते फॉर्म्युले यायला हवेत?" टीममध्ये नवीन आलेलं प्रत्येक जण मला हे विचारतं. मी आठ वर्षं गोदामांतल्या मालाचे रिपोर्ट काढतेय, त्यातली शेवटची तीन वर्षं रिपोर्टिंगची टीमही सांभाळतेय. माझं उत्तर दरवेळी तेच असतं: फॉर्म्युले पाच-सहा पुरतात, आधी ताळा करायला शिका. शाळेत भागाकार झाला की ताळा करून बघायचो, तोच.

मला हे शिकायला एक मीटिंग लागली. नोकरीचं दुसरं वर्ष होतं आणि परत आलेल्या मालाचा मासिक रिपोर्ट माझ्याकडे होता. माझ्या शीटमध्ये गोदामांचे कोड, दुसऱ्या सिस्टिममधून येणाऱ्या फाइलमध्ये प्रत्येक कोडसमोर परताव्यांची संख्या. व्हीलुकअप लावून मी दोन्ही जोडायचे. मधूनमधून एरर यायची, ती डोळ्यांना खुपायची, म्हणून मी सगळीकडे इफएरर लावलं आणि एररच्या जागी शून्य टाकलं. शीट एकदम स्वच्छ दिसू लागली. मीटिंगमध्ये मॅडमनी एका ओळीवर बोट ठेवलं. "या गोदामात महिनाभर एकही परतावा नाही? मागच्या आठवड्यात मी स्वतः तिथे परत आलेली खोकी बघितलीत."

जागेवर येऊन बघितलं तर कोड दोन्हीकडे हुबेहूब सारखे. शेवटी शेजारच्या सेलमध्ये लेन लावून अक्षरं मोजली. माझ्या यादीत ६, आलेल्या फाइलमध्ये ७. कोडच्या शेवटी न दिसणारी एक स्पेस चिकटलेली होती. ट्रिम लावलं, तरी ७च. वेबपेजवरून कॉपी केलेल्या मजकुरात एक वेगळी स्पेस येते, तिचा क्रमांक १६०. ट्रिम फक्त साधी स्पेस काढतं, ही नाही. एका अक्षराच्या जागी दुसरं टाकणाऱ्या सबस्टिट्यूटमध्ये कॅर १६०, म्हणजे त्या क्रमांकाचं अक्षर, देऊन ती काढली, तेव्हा खरा आकडा आला: १८३. माझ्या शून्याखाली १८३ परतावे झाकले गेले होते.

त्या दिवसापासून इफएररमध्ये शून्य टाकणं मी बंद केलं. काही सापडलं नाही तर सेलमध्ये 'सापडलं नाही' असंच उमटू द्या. तुमच्याकडे एक्सलुकअप, म्हणजे व्हीलुकअपचा नवा अवतार, असेल तर त्यात हे लिहायला वेगळी जागाच आहे. शिवाय ते सांगितल्याशिवाय जवळपासचा आकडा उचलत नाही. व्हीलुकअपमध्ये मात्र शेवटचा भाग मोकळा सोडला तर ते अंदाजे जुळणारं उत्तर आणतं, म्हणून तिथे फॉल्स लिहायला विसरू नका.

आता ताळ्याची शीट कशी करायची ते सांगते. प्रत्येक रिपोर्टच्या फाइलमध्ये 'ताळा' नावाची एक वेगळी शीट ठेवा. पहिल्या ओळीत मूळ डेटात किती ओळी आल्या आणि रिपोर्टमध्ये किती मोजल्या गेल्या. दुसऱ्या ओळीत मूळ डेटाची बेरीज आणि रिपोर्टची बेरीज. तिसऱ्या ओळीत 'सापडलं नाही' किती ठिकाणी आलं. प्रत्येकासमोर फरक, आणि फरक शून्य नसेल तर सेल लाल. एवढं करायला पहिल्यांदा अर्धा तास लागेल, नंतर दर महिन्याला एक नजर टाकली की झालं. फरक शून्य येईपर्यंत मी मेल पाठवत नाही, कितीही घाई असली तरी.

ओळी मोजण्यावर मी एवढी का अडते? २०२० च्या ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमध्ये कोविडचे १५,८४१ रुग्ण रोजच्या आकड्यांतून सुटल्याचं उघड झालं. प्रयोगशाळांकडून आलेला डेटा एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये भरला जात होता आणि त्या फाइलमध्ये ६५,५३६ ओळींपलीकडे जागाच नसते. उरलेल्या ओळी गळाल्या. त्या रुग्णांच्या संपर्कात आलेल्यांना वेळेत कळवता आलं नाही. नव्या फाइलमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात, पण हद्द तिलाही आहे. किती आल्या आणि किती पोचल्या, हे दोन आकडे शेजारी ठेवले असते तर फरक तिथेच दिसला असता.

मूळ डेटाची मांडणी हा दुसरा पाया. एक ओळ म्हणजे एक नोंद, एक कॉलम म्हणजे एकच गोष्ट. मर्ज केलेले सेल नकोत, मध्येच टाकलेल्या टोटलच्या ओळी नकोत, आणि रंगाला अर्थ देणं तर नकोच. 'पिवळे म्हणजे पेंडिंग' हे फॉर्म्युल्याला कळत नाही, त्यासाठी 'स्थिती' असा कॉलम करा. मांडणी झाली की कंट्रोल टी दाबून त्याचं टेबल करा. खाली नवीन ओळी आल्या की टेबल आपोआप वाढतं आणि फॉर्म्युल्याची रेंजही वाढते. रेंज अपुरी राहणं ही फक्त शिकाऊंची चूक नाही. २०१० मध्ये दोन नामवंत अर्थतज्ज्ञांनी देशांच्या कर्जावर एक गाजलेला निबंध लिहिला. २०१३ मध्ये एका विद्यार्थ्याने त्यांची शीट तपासली, तर सरासरीच्या रेंजमधून २० पैकी ५ देश सुटलेले निघाले.

तारखांवर जरा जास्त वेळ द्या. दिवस-महिना-वर्ष अशी फाइल, महिना-दिवस-वर्ष अशी सेटिंग असलेल्या कॉम्प्युटरवर उघडली की काय होतं बघा. ३ एप्रिलचा गुपचूप ४ मार्च होतो. १३ पासून पुढच्या तारखांना मात्र १३ वा महिना सापडत नाही, म्हणून त्या नुसता मजकूर बनून सेलच्या डाव्या कडेला चिकटतात. म्हणजे अर्ध्या तारखा डावीकडे आणि अर्ध्या उजवीकडे दिसल्या, तर उजवीकडच्या बरोबर आहेत असं समजू नका. चुकलेल्या त्याच असतात. अशा वेळी सेल एकेक करून दुरुस्त करत बसू नका. फाइल पुन्हा पॉवर क्वेरीतून, म्हणजे बाहेरचा डेटा आणून साफ करणाऱ्या एक्सेलमधल्याच साधनातून, आणा आणि तारखेचा क्रम तिथेच सांगा. पॉवर क्वेरीचा खरा फायदा पुढच्या महिन्यात कळतो: साफसफाईच्या पायऱ्या तिच्या लक्षात असतात, तुम्ही फक्त रिफ्रेश करायचं.

फॉर्म्युले म्हणाल तर अटीनुसार बेरीज करणारं समइफ्स, अटीनुसार मोजणारं काउंटइफ्स, एक्सलुकअप, इफ, आणि मजकूर साफ करायला ट्रिम व सबस्टिट्यूट. सोबत पिव्होट टेबल, म्हणजे ओळींचे गट पाडून गोषवारा काढणारा तक्ता. माझा रोजचा बहुतेक रिपोर्ट एवढ्यात निघतो. दुसऱ्याने लिहिलेला लांबलचक फॉर्म्युला समजत नसेल तर फॉर्म्युला बारमध्ये त्याचा एक तुकडा निवडून एफ नाइन दाबा, त्या तुकड्याचं उत्तर दिसतं. बघून झालं की एस्केप दाबा, एंटर नको, नाहीतर तो आकडा कायमचा तिथे बसतो.

टक्केवारीचं सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. एका गोदामाच्या ४० ऑर्डरपैकी २० वेळेत गेल्या, म्हणजे ५० टक्के. दुसऱ्याच्या ९६० पैकी ९१२, म्हणजे ९५ टक्के. या दोन टक्क्यांची सरासरी ७२.५ येते आणि ती चूक आहे. १,००० ऑर्डरपैकी ९३२ वेळेत गेल्या, म्हणजे खरं उत्तर ९३.२. टक्क्यांची सरासरी काढू नका, वरच्या आणि खालच्या आकड्यांची वेगवेगळी बेरीज करून मग भागा. इतक्या फरकाने एखाद्या टीमवर विनाकारण ठपका येतो.

आकडे जुळले की रिपोर्टच्या वर दोन वाक्यं लिहा. 'परताव्यांचा मासिक अहवाल' हे शीर्षक वाचणाऱ्याला काहीच सांगत नाही. 'परतावे मागच्या महिन्यापेक्षा ४० ने वाढले, त्यातले ३१ एकाच गोदामातले, कारण खोकी ओली झाली' असं लिहिलं की वाचणारा पुढचा फोन कुणाला करायचा हे ठरवू शकतो. त्यासाठी तुम्हाला आधी त्या गोदामात फोन करावा लागतो. तो करा. शीटमधून कारण कळत नाही, माणसं सांगतात.

बढतीशी याचा संबंध कुठे येतो, तेही सांगते. तुमच्या टीममध्ये सगळ्यांना नकोसा असलेला एक रिपोर्ट असतोच. तो मागून घ्या. जुन्या पद्धतीने एकदा करा आणि किती वेळ लागला ते लिहून ठेवा. मग वर सांगितल्याप्रमाणे नव्याने बांधा आणि दोन महिने जुना-नवा दोन्ही चालवून ताळा बघा. अप्रेझलच्या वेळी 'मला ॲडव्हान्स्ड एक्सेल येतं' असं सांगण्यापेक्षा 'या रिपोर्टला सहा तास लागायचे, आता पाऊण तास लागतो, आणि त्यातून हा निर्णय झाला' हे सांगता येतं. नोकरी बदलतानाही तेच. मुलाखतीत मी उमेदवाराला एक फाइल देते, तिच्यात काही नोंदी दोनदा आलेल्या असतात आणि काही तारखा मजकूर असतात. लगेच पिव्होट लावणारे पुष्कळ येतात. आधी ओळी मोजून "या नोंदी दोनदा कशा आल्या?" असं विचारणारा उमेदवार मी शक्यतो सोडत नाही.

आणखी एक शीट जोडा, तिला 'वाचा' नाव द्या. डेटा कुठून येतो, कोण पाठवतं, कोणत्या क्रमाने काय करायचं, कुठे अडतं. हे लिहायला अनेकजण कचरतात, रिपोर्ट दुसऱ्याला जमला तर आपली गरज संपेल असं वाटतं. माझ्या बाबतीत उलट झालं. मी तीन आठवडे रजेवर होते तेव्हा सहकाऱ्याने 'वाचा' बघून रिपोर्ट काढला, ताळा शून्य आला, आणि त्याने मला एकही फोन केला नाही. परत आले तेव्हा मॅडमनी तो रिपोर्ट त्याच्याकडेच ठेवला आणि मला सगळ्या विभागांचा एकत्रित रिपोर्ट बांधायला सांगितलं.