इंग्लंडमध्ये घर मागे वाढवताना ३ मीटर कुठून मोजायचे? (माझा अनुभव)

आमचं घर सेमी-डिटॅच्ड, म्हणजे एका बाजूची भिंत शेजाऱ्यांशी सामाईक. मागे ३ मीटरपर्यंत एकमजली वाढवायला प्लॅनिंग परमिशन लागत नाही, म्हणून तेवढाच आराखडा जोडून लॉफुल डेव्हलपमेंट सर्टिफिकेट (परवानगीशिवायही बांधकाम कायदेशीर असल्याचा दाखला) मागितलं. नकार. छप्पर खाली घेऊन पुन्हा अर्ज, पुन्हा नकार. दोनदा फी गेली, नुसता चरफडलो.

घोळ भिंतीचा होता. माप मूळ घराच्या मागच्या भिंतीपासून धरतात. जुनं घर असेल तर १ जुलै १९४८ ला होती ती भिंत. आमचं स्वयंपाकघर आधीच्या मालकानेच २ मीटर वाढवलेलं. बाजूच्या भिंतीत विटांचा रंग बदलतो, तिथे मूळ घर संपतं. म्हणजे ते २ आणि आमचे ३, एकूण ५ मीटर!

मग कौन्सिलकडच्या (स्थानिक पालिकेकडच्या) जुन्या नकाशांवरून मूळ भिंत पक्की केली. तिथून बाहेरून माप घेतलं. ६ मीटरच्या आत बसतंय म्हटल्यावर 'लार्जर होम एक्स्टेन्शन' (मोठ्या वाढीव बांधकामाची सवलत) खाली प्रायर अप्रूव्हलचा, म्हणजे काम सुरू करण्याआधी कौन्सिलचा होकार घेण्याचा, अर्ज भरला: एकूण खोली, कमाल उंची (४ मीटरच्या आत), वळचणीची उंची, नकाशा, लगतच्या घरांचे पत्ते. शेजारच्या आजींना आराखडा आधीच दाखवला होता. हरकतीचे २१ दिवस शांततेत गेले, ४२ दिवसांच्या आत होकार आला. तोवर कुदळ मारली नाही. आधी काम सुरू केलं तर ही सवलत मिळत नाही.

बिल्डिंग रेग्युलेशन्सचा (बांधकामाच्या सुरक्षिततेच्या व दर्जाच्या नियमांचा) अर्ज मात्र वेगळा.