जुन्या कामाच्या व्हॅनचे बिघाड कसे ओळखावेत आणि दुरुस्तीचा खर्च कसा आवरावा

कामाची डिझेल व्हॅन दोन-अडीच लाख किलोमीटर पळाली की ती पैसे मागणारच. पण बऱ्याच मोठ्या बिलांत सुट्या भागाची किंमत थोडी असते आणि त्या भागापर्यंत पोहोचण्याची मजुरी जास्त. क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवायचा, वॉटर पंपासाठी टायमिंग बेल्टची (इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला लावणाऱ्या पट्ट्याची) बाजू उघडायची, असा हा प्रकार. म्हणून एकदा उघडलं की तिथली सगळी कामं उरकायची, हे जुन्या गाडीच्या खर्चाचं पहिलं सूत्र. आणि काय उघडायचं हे आधी कळावं, यासाठी पुढची तपासणी.

आधी थंड इंजिनवर बघा

रात्रभर उभी असलेली व्हॅन सकाळी सुरू करण्यापूर्वी बघा. गरम गाडी बरेच दोष लपवते. खाली वाकून जमिनीवरचे डाग पाहा. काळपट डाग इंजिन ऑइलचा, हिरवा किंवा गुलाबी चिकट डाग कुलंटचा. चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली तर ते ब्रेक ऑइल असू शकतं. तसं असेल तर गाडी जागची हलवू नका. एसीचं पाणी मात्र निर्धोक.

मग बॉनेट उघडा. कुलंटच्या टाकीवर आजच्या पातळीची मार्करने रेघ मारा आणि आठवडाभर रोज सकाळी बघा. पातळी उतरतेय पण जमीन कोरडी आहे, म्हणजे कुलंट बहुधा इंजिनातच कुठेतरी जातंय. अशा वेळी हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधल्या सीलचा, संशय धरावा. ऑइलच्या झाकणाखाली थोडा पांढरट साका दिसला म्हणून लगेच घाबरू नका. थंडीत लहान-लहान फेऱ्या मारणाऱ्या गाडीत वाफेमुळेही तो धरतो. पण डिपस्टिकवरचं ऑइलच दुधाळ झालं असेल तर इंजिन सुरू करू नका, गाडी टो करून न्या. कुलंट मिसळलेल्या ऑइलवर चालवलेल्या इंजिनाची बेअरिंगं जातात, आणि मग गॅस्केटच्या कामाचं पूर्ण ओव्हरहॉल होतं. गरम इंजिनावर कुलंटचं झाकण कधीही उघडू नये, हेही इथेच सांगून ठेवतो.

सुरू करताना धूर आणि आवाज

सेल्फ मारताना इंजिन जड फिरलं तर बॅटरीला लगेच दोष देऊ नका. मल्टिमीटर लावा. गाडी काही तास उभी राहिल्यावर १२.६ व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. चालू असतानाही १२ च्या घरात राहत असेल तर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर किंवा त्याचा बेल्ट बघावा. कित्येकदा अल्टरनेटरचे नुसते ब्रश किंवा रेग्युलेटर बदलून काम भागतं. दोन्ही आकडे बरोबर असूनही सेल्फ जड असेल, तर इंजिनपासून बॉडीला जाणारी अर्थची पट्टी काढून घासा. गंजलेली पट्टी चांगल्या सेल्फ मोटरलाही खराब ठरवते.

निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर थंडीत मिनिटभरात विरला तर ठीक. टिकून राहिला आणि त्याला गोडसर वास असला तर ते कुलंट. काळा धूर आणि पिकअप कमी, या जोडीवर सर्वांत जास्त पैसे वाया जातात, म्हणून इथे सावकाश चला. असा धूर दिसला की टर्बो (इंजिनात जास्तीची हवा ढकलणारा भाग) गेला, असा निष्कर्ष पटकन काढला जातो. पण टर्बोपासून ती हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरपर्यंतच्या रबरी होजला चीर गेली तरी अगदी हेच होतं, शिवाय चढावर ॲक्सिलरेटर दाबला की फुस्स असा आवाज येतो. होजवर तेलकट ओला पट्टा दिसला तर तिथे बोटाने चाचपून बघा, चीर सापडते. आधी एअर फिल्टर, मग होज, मग ईजीआर व्हॉल्व्ह (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा), आणि टर्बो सगळ्यांत शेवटी.

कॉमन रेल इंजिनात (सगळ्या इंजेक्टरना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल मिळतं अशा) डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरचा संशय असेल तर रिटर्न टेस्ट मागा. प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला (उरलेलं डिझेल परत जाण्याच्या वाटेला) पारदर्शक नळी लावून डिझेल वेगवेगळ्या बाटल्यांत सोडतात आणि काही मिनिटं इंजिन चालवतात. एका बाटलीत बाकीच्यांपेक्षा बरंच जास्त डिझेल जमलं तर तो इंजेक्टर खराब. चारही बदलण्याची भाषा ही टेस्ट होईपर्यंत ऐकू नका.

मग रस्त्यावर, शक्यतो माल भरून

रिकाम्या व्हॅनमध्ये पाटे (लीफ स्प्रिंग), ते जिथे टांगलेले असतात त्या शॅकलचे बुश आणि मागचे ब्रेक यांचे दोष उमगत नाहीत. वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनचा आवाज चढतो पण वेग चढत नाही, म्हणजे क्लच घसरतोय. वेगाबरोबर वाढणारी घूं-घूं उजवीकडे वळताना वाढत असेल तर बहुधा डाव्या बाजूचं व्हील बेअरिंग जातंय. ब्रेक पॅड ३ मिलिमीटरवर आले की बदलावेत.

परत आल्यावर चासी आणि पाट्यांच्या माउंटिंगवर स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. पत्रा आत गेला तर बाकीचे हिशेब थांबवा. इंजिन दुरुस्त होतं. सडलेली चासी वेल्डिंगने सावरायची म्हटली तर काम कुठे थांबेल ते कुणी सांगू शकत नाही.

यादी करा आणि क्रम लावा

ब्रेक, स्टिअरिंग आणि टायर पहिल्या रांगेत. दुसऱ्या रांगेत इंजिन संपवू शकणाऱ्या गोष्टी, म्हणजे कुलंटची गळती, ऑइल आणि टायमिंग बेल्ट. बेल्ट कधी बदलला याची नोंद नसेल तर तो मुदतीबाहेर गेलाय असंच धरा. तो तुटला की बहुतेक डिझेल इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. स्लायडिंग दाराचे रोलर, काचा, एसी यांना थांबता येतं.

गॅरेजमध्ये अंदाजपत्रक लेखी मागा, सुटे भाग आणि मजुरी वेगवेगळे लिहिलेले. त्यानंतर विचारा, "हे उघडल्यावर याच जागेत आणखी काय बदलून घ्यावं?" क्लचप्लेटसोबत प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि क्रँकचं मागचं ऑइल सील. टायमिंग बेल्टसोबत तो ताणून धरणारा टेन्शनर, त्याला वाट देणारी आयडलर पुली आणि, तो त्याच बेल्टवर चालत असेल तर, वॉटर पंप. या जास्तीच्या भागांची किंमत दुसऱ्यांदा द्याव्या लागणाऱ्या मजुरीपुढे बहुधा किरकोळ ठरते.

सुट्या भागांतही विचारपूर्वक बचत करता येते. दार, आरसा, दिवा जुन्या बाजारातला बिनधास्त घ्या. अल्टरनेटर, सेल्फ रीकंडिशन केलेले चालतात, वॉरंटी लेखी हवी. ब्रेकचे भाग, बेल्ट आणि बेअरिंग मात्र नवे आणि नावाजलेल्या कंपनीचेच. काढलेले जुने भाग परत मागून घ्या. घासलेली क्लचप्लेट हातात आली की काम खरंच गरजेचं होतं का हे कळतं.

ठेवायची की विकायची

दुरुस्तीचं बिल गाडीच्या विक्रीच्या किमतीशी ताडून पाहणं अपुरं आहे. ते दुसऱ्या वापरलेल्या व्हॅनच्या किमतीशी, अधिक तिच्यात निघणाऱ्या अनोळखी दुरुस्त्यांशी ताडा. गाडी गॅरेजमध्ये असताना बुडणारे कामाचे दिवसही त्यात धरा. चासी निरोगी असेल आणि बेल्ट, क्लच नुकतेच झाले असतील, तर एखादं मोठं बिल भरूनही जुनी व्हॅन ठेवणं फायद्याचं ठरतं. चासी सडली आणि इंजिनही ऑइल पितंय, अशी जोडी जमली तर तिच्यावर आणखी काही घालू नका.

ठेवायचं ठरलं तर एक वही गाडीतच ठेवा आणि प्रत्येक कामाची तारीख, किलोमीटर, भागाची कंपनी आणि वॉरंटीची मुदत त्याच दिवशी लिहा. पुढचा टायमिंग बेल्ट कधी, हे त्या वहीतूनच कळेल, आणि पुढे गाडी विकताना घेणाऱ्यालाही तीच दाखवता येईल.