न्यूमोकॉकसचं ट्रान्सफॉर्मेशन लावायचंय? आधी सीएसपीची ट्यूब बघा

न्यूमोकॉकस म्हणजे न्यूमोनियाचा जिवाणू, त्याला बाहेरचा डीएनए घ्यायला लावणं म्हणजे ट्रान्सफॉर्मेशन, आणि त्यासाठी त्याला तयार करतं ते सीएसपी, दोन प्रकारांत मिळणारं. सगळ्यात आधी फ्रीझर उघडा आणि सीएसपीच्या ट्यूबवर 1 लिहिलंय की 2, ते वाचा. झाकणावर नुसतंच ‘सीएसपी’ आणि तारीख असेल तर ट्यूब परत ठेवा आणि ती कोणी मागवली होती त्याला गाठा. मागच्या खेपेला या एका आकड्यापायी माझ्या सगळ्या प्लेटा कोऱ्या निघाल्या, म्हणून ही यादी.

न्यूमोकॉकस बाहेरचा डीएनए वाटेल तेव्हा घेत नाही. प्रत्येक पेशी 17 अमिनो आम्लांचं एक छोटं पेप्टाइड बनवून बाहेर सोडते, तेच सीएसपी. शेजारच्या पेशीच्या पडद्यावरचा कॉमडी हा रिसेप्टर ते ओळखतो, आत कॉमई हे प्रथिन जागं होतं आणि ती पेशीही आणखी सीएसपी सोडू लागते. बघता बघता अख्खं कल्चर कॉम्पिटंट, म्हणजे डीएनए घ्यायला तयार, होतं. हे पेप्टाइड 1995 मध्ये हाती आलं, तेव्हापासून आपण ते विकत आणून बाहेरून घालतो. पण कॉमडीला फक्त आपल्याच टाइपचं पेप्टाइड कळतं. आर6 आणि डी39 या स्ट्रेनना, म्हणजे वाणांना, सीएसपी-1 लागतं, टायगर4 ला सीएसपी-2. चुकीचं कितीही ओता, कल्चर ढिम्म हलत नाही. वर ते दिसतं मात्र ठणठणीत, ओडी (कल्चर किती गढूळ आहे त्याचं माप) वाढत राहतो, कुठेच शंका येत नाही. बोंब कळते ती दुसऱ्या दिवशी.

स्ट्रेन आर6 घ्या. डी39 पासून आर36ए निघाली, एव्हरींच्या 1944 च्या प्रयोगात डीएनए घेणारी ती हीच, आणि आर6 तिच्याच वंशातली. कॅप्सूल, म्हणजे पेशीभोवतीचं साखरेचं वेष्टण, नसल्यामुळे ती आजार करण्याच्या लायकीची राहिलेली नाही. तरी ग्लव्ह्ज आणि कॅबिनेट हवंच, ते सांगायला लागू नये. व्हायलवरचं स्ट्रेनचं नाव वाचलंत की लगेच सीएसपीचा आकडा त्याच्याशी ताडून बघा. हो, पुन्हा.

मीडिया, म्हणजे वाढवायचं द्रावण, सी प्लस वाय नावाचं. यात पीएच महत्त्वाचा. आधीचं कल्चर 6.8 च्या आसपास वाढवा, कारण जरा अल्कलाइन मीडियात हे जीव तुमची वाट न बघता आपले आपण कॉम्पिटंट होतात. एकदा ती लाट येऊन गेली की काही काळ सीएसपीला दाद देत नाहीत. प्रत्यक्ष प्रयोगाचा मीडिया 7.8 चा. पीएच त्याच सकाळी मोजा, बाटलीवरच्या आकड्यावर जाऊ नका. बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन) आणि कॅल्शियम विसरू नका.

ई. कोलायची सवय असलेल्यांसाठी: रात्रभर वाढवून सकाळी बघू, हे इथे चालत नाही. कल्चर दाट झालं की लायटेए हे एन्झाइम पेशींची स्वतःचीच भिंत फोडतं. संध्याकाळी गढूळ असलेली ट्यूब सकाळी स्वच्छ पाण्यासारखी दिसते, आणि नवखा माणूस म्हणतो, वाढलंच नाही वाटतं. म्हणून वाढ जोमात असतानाच ग्लिसरॉल घालून छोटे स्टॉक उणे 80 ला ठेवा आणि दर वेळी तिथूनच सुरुवात करा. शेकरवर ठेवू नका. जास्त हवा मिळाली की हे हायड्रोजन पेरॉक्साइड बनवतात आणि ते मोडणारं कॅटॅलेज त्यांच्याकडे नाही. प्लेटा रक्ताच्या घ्यायच्या त्या याचसाठी, रक्तातलं कॅटॅलेज कामी येतं. 37 अंश, 5 टक्के कार्बन डायऑक्साइड, बस.

स्लाइडवर एक नजर टाका. मॅपझेड हे प्रथिन पेशीच्या मधोमध विभाजनाची जागा आखतं, पेशी विभागणाऱ्या एफटीएसझेड प्रथिनाचं कडं तिथे बसतं, आणि दर वेळी त्याच दिशेने दोन तुकडे होतात. म्हणून जोड्या दिसतात. जोड्या ठीक, पण लांब साखळ्या दिसल्या तर मोजणी फसते, कारण अख्ख्या साखळीची एकच कॉलनी येते.

आता खरा दिवस. कल्चर विरळ हवं, ओडी 0.03 ते 0.05. सीएसपी घाला, मिलिलिटरला 100 नॅनोग्रॅम. थांबा, कुठलं सीएसपी? आकडा मोठ्याने वाचा, शक्यतो शेजारच्याला वाचायला लावा. डीएनए आधीच वितळवून हाताशी ठेवा. सुमारे 20 मिनिटांत कॉम्पिटन्स कळसाला पोचतो आणि मग झपाट्याने ओसरतो, तेव्हा शोधाशोधीला वेळ नसतो. दुसरा स्ट्रेन शेजारी वाढवत असाल तर पिपेट अजिबात मिसळू देऊ नका. कॉम्पिटंट पेशी सीबीपीडी नावाचं एन्झाइम सोडून कॉम्पिटंट न झालेल्या शेजाऱ्यांना फोडतात आणि त्यांचा डीएनए गिळतात. स्वतः मात्र कॉमएम प्रथिनामुळे सुरक्षित राहतात. भाऊबंदकीच म्हणायची.

कंट्रोल तीन: डीएनएशिवाय, सीएसपीशिवाय, डीएनेज (डीएनए तोडणारं एन्झाइम) घालून. चौथा माझा आग्रहाचा: स्ट्रेन आणि डीएनएची जी जोडी चालते हे माहीत आहे, ती त्याच ट्यूबमधल्या सीएसपीने लावा. नाहीतर कोऱ्या प्लेटा बघून डीएनएला दोष देत बसाल.

डीएनएवर स्ट्रेप्टोमायसिन या अँटिबायोटिकला दाद न देणारा मार्कर जीन असेल तर लगेच सिलेक्शनवर, म्हणजे ते औषध घातलेल्या प्लेटांवर, टाकू नका, दीड-दोन तास द्या, जुने रायबोसोम अजून संवेदनशील असतात. मग डायल्युशन, प्लेटा, रात्रभर इन्क्युबेटर. सकाळी हिरवट कड्यातल्या कॉलन्या मोजा. कचरा ऑटोक्लेव्हला. उरलेल्या सीएसपीच्या ट्यूबवर 1 किंवा 2 लिहा, न पुसणाऱ्या पेनने, झाकणावर आणि अंगावरही.