या चुका टाळा: ॲडमिन नसलेल्या युजरच्या मशीनवर प्रिंटर, स्कॅनर, टोकन बसवताना

"दादा, पासवर्ड मागतोय. सांगता का जरा?"

प्रिंटर बदलला, नवा स्कॅनर आला, डीएससीचं, म्हणजे डिजिटल सहीचं, यूएसबी टोकन हरवून दुसरं घेतलं, की हा फोन ठरलेला. फोन उचलणारा नवखा असेल तर पुढचंही ठरलेलं. एकतर तो पासवर्ड सांगून मोकळा होतो, नाहीतर युजरलाच ॲडमिन करून टाकतो. काम पाच मिनिटांत उरकतं. निस्तरायला मात्र नंतर दुसराच कुणीतरी बोलावला जातो, आणि आमच्या भागात तो बहुतेकदा मी असतो.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. साध्या युजरने डिव्हाइस जोडायला विंडोजची हरकत नसते. ड्रायव्हर, म्हणजे यंत्र चालवायला विंडोजला लागणारं सॉफ्टवेअर, मशीनच्या ड्रायव्हर स्टोअरमध्ये (विंडोजच्या ड्रायव्हर-साठ्यात) आधीच पडलेला असेल, तर युजरने यूएसबी खोचली की विंडोज तो स्वतःच उचलून बसवतं, पासवर्ड विचारत नाही. पासवर्ड लागतो तो नवीन पॅकेज त्या स्टोअरमध्ये घालताना. ड्रायव्हर थेट कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, चालू शकतो, म्हणून तिथे काय शिरतंय हे ॲडमिननेच ठरवायचं असतं. म्हणजे तुमचं काम मशीन हाती देण्याआधीचं आहे. मी नवीन मशीन देताना त्या ऑफिसातल्या प्रत्येक प्रिंटर-स्कॅनरचा ड्रायव्हर पीएनपीयूटिल कमांडने स्टोअरमध्ये घालूनच देतो, मग ते यंत्र त्या टेबलावर असो वा नसो. त्याला चार मिनिटं लागतात. ही चार मिनिटं वाचवणारेच मला नंतर फोन करतात.

तात्पुरतं ॲडमिन करतो, नंतर काढतो

हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. "नंतर" कधी येत नाही.

एका सीए मॅडमच्या ऑफिसातली गोष्ट. महिन्याची २० तारीख, म्हणजे जीएसटीचं थ्री-बी रिटर्न भरायचा शेवटचा दिवस. एका कंपनीचं रिटर्न डीएससीने भरायचं होतं आणि आर्टिकलशिप करणाऱ्या मुलाच्या मशीनवर टोकन ओळखलं जात नव्हतं. त्यांचा तेव्हाचा सपोर्टवाला दुसऱ्या गावाहून रिमोटने जोडला गेला. सेटअप चालू केला, यूएसीची, म्हणजे ॲडमिनची परवानगी मागणारी, खिडकी आली आणि याच्याकडचा पडदा गोठला. रिमोटचं सॉफ्टवेअर इन्स्टॉल न करता नुसतंच चालवलं असेल तर हे होतंच, कारण यूएसी स्वतःचा वेगळा सुरक्षित डेस्कटॉप उघडतं आणि तिथवर त्या सॉफ्टवेअरचा हात पोचत नाही. त्याने काय करावं? मॅडमना फोनवर ॲडमिनचा पासवर्ड सांगितला, त्यांच्याकडून त्या मुलाचं लॉगिन ॲडमिनिस्ट्रेटर्स ग्रुपमध्ये घालून घेतलं आणि वर यूएसीही बंद करून घेतलं. टोकन चाललं, रिटर्न गेलं, सगळे खूष.

पुढच्या मार्चअखेरीस मला बोलावलं, तक्रार "मशीन फार स्लो". बघतो तर मुलगा अजून ॲडमिनच. फुकटचे पीडीएफ कन्व्हर्टर तीन प्रकारचे, ब्राउझरचं होमपेज भलतंच, आणि अँटीव्हायरस गायब. टॅली स्लो चालते म्हणून त्यानेच काढून टाकला होता. मुलाला मी काही बोललो नाही. दार उघडं ठेवलं तर कुणीही आत जाणारच. ज्याने उघडं ठेवलं तो इतक्यात एएमसी सोडून गेला होता.

आता यातलं तांत्रिक. एक, युजरला ग्रुपमधून काढलं तरी तो लॉगऑफ होईपर्यंत त्याचे हक्क तसेच राहतात, कारण टोकन, म्हणजे विंडोजचं आतलं टोकन, डीएससीचं नव्हे, लॉगिनच्या वेळी बनतं. "काढला की" म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. दोन, ॲडमिन असताना जे सर्व्हिस (मागे आपोआप चालणारा प्रोग्रॅम) किंवा शेड्यूल्ड टास्क बनून बसलं, ते ग्रुपमधून काढल्याने जात नाही. तीन, डीएससी टोकनचा प्रश्न बहुतेक वेळा ड्रायव्हरचा नसतोच. स्मार्टकार्ड रीडरचा क्लास ड्रायव्हर विंडोजमध्येच असतो. अडतं ते टोकनचं मिडलवेअर, म्हणजे टोकन आणि बाकी प्रोग्रॅम यांना जोडणारं सॉफ्टवेअर, आणि जीएसटी पोर्टलवर सही करणारं एमसायनर. ही दोन्ही एकदाच, ॲडमिनने, सर्व युजरसाठी म्हणून बसवायची. नंतर त्याच टोकनात सर्टिफिकेट रिन्यू केलं तर नव्याने काही बसवावं लागत नाही.

माझी सवय अशी की रिमोट सॉफ्टवेअर पहिल्या भेटीतच सर्व्हिस म्हणून बसवून ठेवायचं. मग यूएसीची खिडकी मला दिसते, पासवर्ड मी टाइप करतो, युजरच्या कानावर तो पडतही नाही. डोमेन असेल, म्हणजे सगळी मशीन एका सर्व्हरखाली बांधलेली असतील, तर मायक्रोसॉफ्टचं लॅप्स वापरा. एप्रिल २०२३ पासून ते विंडोजच्या अपडेटमध्येच येतं, प्रत्येक मशीनचा ॲडमिन पासवर्ड वेगळा ठेवतं आणि ठरावीक मुदतीने बदलतं. पाच-सहा मशीनच्या ऑफिसात डोमेन नसतं. तिथे निदान प्रत्येक मशीनला वेगळा पासवर्ड ठेवा आणि मालकाच्या कपाटातल्या वहीत लिहा. सगळीकडे एकच पासवर्ड, तोही ऑफिसचं नाव आणि पुढे १२३, हा प्रकार मी अजून बघतो.

रजिस्ट्रीत शून्य टाकून मोकळं होणं

२०२१ च्या उन्हाळ्यात प्रिंटनाइटमेअर निघालं, सुरक्षा-त्रुटींच्या यादीत सीव्हीई-२०२१-३४५२७. छपाईची रांग सांभाळणाऱ्या विंडोजच्या प्रिंट स्पूलरमधलं भोक होतं. कुणीही साधा युजर ड्रायव्हरच्या नावाखाली काहीही आणून सिस्टमच्या अधिकाराने चालवू शकत होता. त्यावर १० ऑगस्ट २०२१ च्या अपडेटने मायक्रोसॉफ्टने नियमच बदलला. शेअर केलेल्या प्रिंटरचा ड्रायव्हर नेटवर्कवरून ओढायचा किंवा अपडेट करायचा, तर ॲडमिनच हवा.

झालं. दुसऱ्या आठवड्यापासून फोन सुरू. एका पतसंस्थेत पावत्यांचा लेसर प्रिंटर एका काउंटरवरून बाकीच्यांना शेअर केलेला होता. सकाळी रांग लागलेली आणि प्रत्येक काउंटरवर पासवर्डची खिडकी. तिथल्या इंजिनीअरने इंटरनेटवर शोधलं, उत्तर सापडलं: रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात, रिस्ट्रिक्टड्रायव्हरइन्स्टॉलेशनटूॲडमिनिस्ट्रेटर्स नावाची व्हॅल्यू शून्य करा. त्याने रजिस्ट्री फाइल बनवली आणि सगळ्या मशीनवर चालवली. वर पॉइंट अँड प्रिंटच्या (शेअर केलेल्या प्रिंटरचा ड्रायव्हर आपोआप ओढण्याच्या) पॉलिसीत इशारे दाखवूच नयेत असंही करून ठेवलं. पुढे नवी मशीन आली, त्यांनाही तीच फाइल. पुढे केव्हातरी ऑडिटवाल्याने ते बोट ठेवून दाखवलं, तेव्हा संचालक मला विचारत होते, "पण प्रिंटर तर नीट चालतोय ना?"

चालतोय, साहेब. सगळ्यांचंच चालतंय, चोराचंही. त्या एका शून्याने ऑगस्टचं दुरुस्तीकाम पुसलं जातं. बाकीच्या पॉलिसी कितीही घट्ट आवळल्या तरी ही व्हॅल्यू एक ठेवण्याची बरोबरी होत नाही, हे मायक्रोसॉफ्टनेच लिहून ठेवलंय.

तिथे मी जे केलं ते असं. आधी शून्य काढलं. मग प्रत्येक काउंटरवर ॲडमिन म्हणून दोन पायऱ्या: पीएनपीयूटिलने पॅकेज स्टोअरमध्ये घालणं, आणि पॉवरशेलमध्ये ॲड-प्रिंटरड्रायव्हर चालवून तो ड्रायव्हर स्पूलरला नोंदवणं. दुसरी पायरी बरेचजण विसरतात. यूएसबीच्या प्रिंटरला नुसतं स्टोअर पुरतं, शेअर केलेल्याला पुरत नाही. आणि ज्या मशीनवरून प्रिंटर शेअर केलाय तिथला ड्रायव्हर व बाकीच्यांचा ड्रायव्हर एकाच आवृत्तीचा ठेवायचा. त्या मशीनवर कुणी हौसेने नवी आवृत्ती टाकली, की सगळ्या काउंटरवर पुन्हा पासवर्ड. प्रिंटरला लॅनचं पोर्ट असेल तर मी शेअरिंगच्या भानगडीत पडतच नाही, प्रत्येक मशीनवर थेट आयपी पोर्ट टाकतो.

सेटअप फाइलवर डबल क्लिक

ग्रुप पॉलिसीत (ॲडमिनने मशीनला लावायच्या नियमांत), ड्रायव्हर इन्स्टॉलेशनखाली, ठरावीक क्लासच्या डिव्हाइससाठी साध्या युजरला ड्रायव्हर बसवू देणारी सेटिंग आहे. तिथे त्या क्लासचा जीयूआयडी, म्हणजे ओळख-क्रमांक, टाकायचा असतो. लोक तो टाकतात, मग युजरला सांगतात, आता कर सेटअप. आणि पासवर्ड पुन्हा येतो. अहो, पॉलिसी ड्रायव्हर पॅकेजपुरती आहे, कंपनीच्या सेटअपपुरती नाही. सेटअप प्रोग्रॅम फाइल्समध्ये लिहितो, सर्व्हिस टाकतो, इंक संपल्याची जाहिरात दाखवणारं खेळणं बसवतो, त्याला ॲडमिन लागणारच. सेव्हन-झिपने सेटअप उघडा, आतली आयएनएफ (ड्रायव्हर कसा बसवायचा ते सांगणारी फाइल) आणि तिच्याबरोबरच्या सगळ्या फाइल्स घ्या, सही असलेल्या कॅटलॉग फाइलसकट. नुसती आयएनएफ कॉपी करून काही होत नाही. सेटअप उघडत नसेल तर एका मशीनवर तो चालवा आणि पीएनपीयूटिलच्या एक्स्पोर्ट-ड्रायव्हरने पॅकेज बाहेर काढा.

बाकी थोडक्यात

आयएनएफ नोटपॅडमध्ये उघडून जुन्या स्कॅनरचा हार्डवेअर आयडी घुसडू नका. एक अक्षर बदललं तरी कॅटलॉगची सही जुळत नाही आणि विंडोज ते पॅकेज नाकारतं. स्टार्टअपला सही तपासणी बंद करून चालवलंत तरी ते पुढच्या रीस्टार्टपर्यंतच.

रन-ॲजला (दुसऱ्याच्या नावाने प्रोग्रॅम चालवणाऱ्या कमांडला) पासवर्ड साठवणारं सेव्हक्रेड जोडून डेस्कटॉपवर शॉर्टकट बनवणं. काही लोक याला हुशारी समजतात. तो पासवर्ड त्या युजरच्या खात्यात साठतो आणि त्याच जोरावर तो कुठलाही प्रोग्रॅम ॲडमिनच्या नावाने चालवू शकतो. याचं समर्थन मी ऐकूनही घेत नाही.

"ड्रायव्हर बसवला तरी वजनकाटा दिसत नाही, हक्कांचाच प्रश्न असणार." नाही. यूएसबी-टू-सिरियल केबलमध्ये जुनी किंवा नकली पीएल-२३०३ चिप असेल तर नवा ड्रायव्हर तिला मुद्दाम नाकारतो आणि कोड १० दाखवतो. ॲडमिन झालात तरी नाकारेल. चांगली केबल घ्या.

गेमिंग माउस ऑफिसात नको. ऑगस्ट २०२१ मध्ये रेझरचा माउस नुसता जोडून सिस्टम अधिकाराचं पॉवरशेल उघडता येतं हे जगाला दिसलं, कारण विंडोज अपडेटने ओढलेला त्यांचा इन्स्टॉलर त्याच अधिकाराने चालत होता. ड्रायव्हरबरोबर आपोआप चालणारे असले को-इन्स्टॉलर रजिस्ट्रीतून बंद करता येतात, मी सरसकट करतो.

नको ती डिव्हाइस अडवणारी पॉलिसी लावताना "आधीच बसलेल्या डिव्हाइसनाही लागू" या चौकटीत टिक करण्याआधी कीबोर्ड-माउस परवानगीच्या यादीत आहेत का बघा. नाहीतर पॉलिसी काढायला हाताशी कीबोर्ड नसेल.

आणि तर्क लढवत बसण्यापेक्षा लॉग वाचा. विंडोज फोल्डरमधल्या आयएनएफ फोल्डरात सेटअपएपीआय-डॉट-डेव्ह नावाची लॉग फाइल असते. डिव्हाइस मॅनेजरमधून हार्डवेअर आयडी उचला, फाइलच्या तळापासून वर शोधत जा, तीन उद्गारचिन्हांची ओळ सापडली की तिथेच कारण लिहिलेलं असतं. मला फोन करायचाच असेल तर ती ओळ फोटो काढून पाठवा. "एरर येतोय" असा मेसेज आला तर मी जेवण आटोपल्यावर बघतो.