लेक ईरीवर वॉलाय ट्रोलिंग: आधी रील, मग रॉड

लेक ईरीवर (अमेरिका-कॅनडा सीमेवरचं मोठं सरोवर) वॉलाय ट्रोलिंग, म्हणजे चालत्या बोटीमागे गळ ओढत वॉलाय मासा पकडणं, सुरू करणार असाल तर पैसे आधी रीलवर घाला. किती लाइन (गळाची दोरी) सोडली ते दाखवणारा लाइन काउंटर असलेलंच रील घ्या, साधारण २० साइझचं, कारण मासा किती लाइन सोडल्यावर लागला हे कळलं की पुढच्या वेळी बरोब्बर तेवढीच सोडता आली पाहिजे, नाहीतर सगळं नशिबावर. आणि हे लक्षात ठेवा, काउंटर खरं तर लाइन मोजत नाही, स्पूलचे (लाइन गुंडाळलेल्या चकरीचे) फेरे मोजतो, त्यामुळे स्पूल अर्धाच भरलेला असेल तर आकडा १०० फूट दाखवेल पण बाहेर गेलेली लाइन त्यापेक्षा बरीच कमी असेल. म्हणून स्पूल नीट काठापर्यंत भरा, सगळी रीलं एकाच मॉडेलची आणि लाइनपण सगळ्यांवर एकच, मग एका रॉडवर जमलेलं दुसऱ्यावर जसंच्या तसं लावता येतं.

प्लेनर बोर्डसाठी (लाइन बोटीपासून बाजूला नेणारी तरंगती फळी) रॉड साडेआठ फुटांच्या आसपास, मीडियम पॉवर, मॉडरेट (म्हणजे मधल्या भागापर्यंत वाकणारी) अ‍ॅक्शन. फास्ट अ‍ॅक्शनचा कडक रॉड नकोच! बोट चालूच असते, रॉड वाकून झटका खात नसेल तर हुकनं माशाच्या तोंडात पाडलेलं भोक मोठं होत जातं आणि वॉलाय अगदी नेटपाशी येऊन सुटतो, फार जीवावर येतं. ब्रेड (विणलेली लाइन) वापरत असाल तर ड्रॅग (रीलचा ब्रेक) अजून सैल ठेवा, ती ताणलीच जात नाही. डिप्सी डायव्हर (लाइन खोल नेणारी चकती) मात्र पाण्यात जबरदस्त ओढतो, त्याला ९-१० फुटी दमदार रॉड वेगळाच घ्या.