गड्ड्याच्या फोटोतल्या बाराबंदीच्या चुण्या: ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्ह घरी स्कॅन करताना

आमच्या अण्णांच्या ट्रंकेतून निगेटिव्हची पाकिटं निघाली. बरेचसे १२० चे रोल, आग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्यावर काढलेले, चौकोनी सहा बाय सहाच्या फ्रेम, आणि थोड्या ३५ एमएमच्या पट्ट्या. त्यात एक फ्रेम गड्ड्याची, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेची आहे, भर दुपारच्या उन्हात नंदीध्वज घेऊन चाललेली माणसं, सगळ्यांच्या अंगात पांढरी बाराबंदी, बंदांनी बांधायचा अंगरखा. आधी एका दुकानातून स्कॅन करून आणली तर जेपेग हातात आली आणि त्यात माणसांच्या अंगावर नुसता पांढरा डाग, बाराबंदी आहे की चादर पांघरलीय तेच कळेना. मग निगेटिव्ह खिडकीशी धरून भिंगातून बघितली तर चुण्या होत्या की, बंद बांधलेला पण दिसत होता. म्हणजे फिल्मवर सगळं शाबूत आहे, गेलंय ते स्कॅन करताना. तेव्हापासून मी घरीच करतो आणि एकच गोष्ट धरून चालतो, स्कॅनरला फोटो छान करू द्यायचा नाही, फिल्मवर आहे तेवढं सगळं उचलून आणायचं, छान करणं आपलं काम, ते नंतर.

पहिलं काम धुळीचं, आणि सोलापुरात हे काम निम्म्याहून जास्त आहे बघा. मार्च ते मे तर मी स्कॅनिंगला हातच लावत नाही, हवा इतकी कोरडी असते की फिल्म पाकिटातून ओढली की स्टॅटिकने आजूबाजूची सगळी धूळ तिच्यावर येऊन बसते. पावसाळ्यात करा, नाहीतर सकाळी लवकर फरशी ओल्या फडक्याने पुसून घ्या, पंखा आणि कूलर बंद, आणि अर्ध्या तासाने सुरू करा. हातात सुती मोजे, फिल्म फक्त कडेला धरायची. रबरी ब्लोअरने दोन्ही बाजूंनी हवा मारा, तोंडाने फुंकर अजिबात नको, थुंकीचे बारीक थेंब बसतात ते नंतर निघता निघत नाहीत. स्कॅनरची काच मायक्रोफायबरने पुसायची, झाकणातली काच पण, तिच्याकडे कुणी बघतच नाही.

बोटांचे ठसे असतील तर ९९ टक्क्याचं आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ कापडावर घेऊन चकचकीत बाजूवरून हलकेच फिरवा. पाण्याने धुवायचीच वेळ आली तर डिस्टिल्ड वॉटर वापरा, बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग वाळल्यावर फिल्मवरच राहतात. पण बुरशी लागलेल्या निगेटिव्हला पाणी लावू नका, बुरशीने जिलेटिन खाल्लेलं असतं, तेवढा भाग पाण्यात विरघळून चित्रच जातं.

आता सगळे फसतात ती गोष्ट. स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमध्ये धूळ आपोआप काढणारा डिजिटल आइस नावाचा ऑप्शन असतो, तो बंद ठेवा. तो इन्फ्रारेड प्रकाशावर चालतो, रंगीत फिल्ममधल्या डायमधून, म्हणजे रंगद्रव्यातून, इन्फ्रारेड आरपार जातो आणि फक्त धूळ अडते, म्हणून तिथे तो भारी चालतो. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये चित्रच चांदीचं असतं, चांदी इन्फ्रारेड अडवते, मग त्या बिचाऱ्या स्कॅनरला अख्खं चित्र म्हणजे धूळच वाटते आणि तो चेहरे पुसत सुटतो. ऊटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा इंदू असो नाहीतर ऑर्वो, नियम तोच. अपवाद इलफर्ड एक्सपी टू सारख्या फिल्मचा, ती रंगीत फिल्मच्या केमिकलमध्ये धुतात आणि शेवटी तिच्यात डायच उरतो.

फिल्मची मंद, मॅट बाजू म्हणजे इमल्शन, चित्र असलेला थर. एप्सनच्या फ्लॅटबेडमध्ये, म्हणजे सपाट काचेच्या स्कॅनरमध्ये, चकचकीत बाजू खाली ठेवायची. चुकली तर चित्र आरशासारखं उलटं येतं, माणसांच्या फोटोत ते लक्षात पण येत नाही, म्हणून दुकानाची पाटी असेल तर तेवढी वाचून बघा. वाकलेली पट्टी आठवडाभर पाकिटासकट जाड पुस्तकांखाली दाबून ठेवा आणि मगच होल्डरमध्ये घाला, कारण फिल्म काचेला टेकली की इंद्रधनुष्यासारख्या गोल रेघा उमटतात, त्यांना न्यूटन रिंग म्हणतात.

सेटिंगमध्ये १६ बिट ग्रेस्केल, फाइल टिफ, शार्पनिंग बंद, ऑटो एक्स्पोजर बंद. डीपीआय, म्हणजे एका इंचात किती ठिपके टिपायचे ते, २४०० पुरे. डब्यावर ६४०० लिहिलेलं असतं, पण घरगुती फ्लॅटबेडची खरी ताकद त्याच्या निम्मीही नसते, फाइल मात्र फुगते. २४०० ला ३५ एमएमची फ्रेम साधारण ३४०० बाय २२६८ पिक्सेल येते, १६ बिटमध्ये जेमतेम १५ एमबी. सहा बाय सहाची तर बाजूच ५२०० च्या पुढे जाते, आणि क्लिक थ्रीच्या साध्या लेन्सने त्याहून बारीक काही टिपलेलंच नसतं.

फिल्मचा प्रकार निगेटिव्ह न निवडता पॉझिटिव्ह निवडा, म्हणजे सॉफ्टवेअर मधे तोंड घालत नाही. प्रिव्ह्यूमध्ये प्रत्येक फ्रेम वेगळी निवडा, आजूबाजूची काळी पट्टी आत येऊ देऊ नका, ती आली की हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत किती काळं आणि किती पांढरं त्याचा डोंगरासारखा आलेख, चुकीचं दाखवतो. मग हिस्टोग्रामचे दोन्ही टोकाचे खुंटे डोंगराच्या पायथ्यापासून थोडे लांबच ठेवा. स्कॅन फिका, राखाडी, मेल्यासारखा दिसेल, घाबरायचं नाही, तसाच हवाय. बाराबंदी उन्हात होती ना, तिथे निगेटिव्हवर चांदीचा थर सर्वात दाट, अगदी काळाकुट्ट असतो, आणि ऑटोवर टाकलं की सॉफ्टवेअर पहिली कात्री तिथेच चालवतं. सॉफ्टवेअरमध्ये मल्टी एक्स्पोजर, म्हणजे एकच फ्रेम कमी-जास्त एक्स्पोजरला पुन्हा स्कॅन करायची सोय, असेल तर अशा फ्रेमला जरूर लावा, दाट भागातला नॉइज कमी होतो.

स्कॅनर नसेल तर डिजिटल कॅमेरा, मॅक्रो लेन्स आणि एलईडी पॅनल यावर पण मस्त होतं. आयएसओ १००, एफ ८, रॉ फाइल, टायमर लावून. फिल्मच्या जागी छोटा आरसा ठेवून लेन्समधून बघा, लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मधोमध आलं की कॅमेरा सरळ आहे. फ्रेमच्या भोवतीचा उजेड काळ्या कार्डाने झाका.

पुढचं काम गिंप नावाच्या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये फुकटात होतं. इन्व्हर्ट करा, म्हणजे काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं होतं, लेव्हल्स लावा, मग कर्व्हने हळूहळू कॉन्ट्रास्ट चढवा आणि सगळा वेळ नजर पांढऱ्यावर ठेवा. मी गड्ड्याच्या फ्रेमवर पाऊण तास बसलो होतो, कर्व्हचं वरचं टोक जरा खाली ओढलं आणि पुढच्या माणसाच्या दंडावरच्या चुण्या एकेक करून वर आल्या, मग छातीवरचा बंद. आईला बोलावून दाखवलं. धुळीचे ठिपके १०० टक्के झूम करून हाताने काढायचे, दुसरा रस्ता नाही. मूळ टिफ तशीच राहू द्या, काम कॉपीवर करा आणि दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा.

निगेटिव्ह परत ठेवताना वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ती अ‍ॅसिटेट फिल्म सडायला लागलीय, तिचा वास लागून शेजारच्या पण जातात, म्हणून ती लगेच वेगळी काढा आणि तिचं स्कॅनिंग सगळ्यात आधी उरका. बाकीच्या बटर पेपरच्या पाकिटात घालून तळमजल्यावर ठेवा, पत्र्याखालच्या माळ्यावर नको, एप्रिलमध्ये तिथे भट्टी असते.